अर्धी गोळी

अहो,

बोरीहून निरोप आलाय, माझ्या आईनं अंथरूण धरलंय. पहिल्या गाडीनं चालले. तुमाला लय हलवलं, पण उठला न्हाईत.

भाकरी दुरडीत हायेत, पिठलं झाकून ठेवलंय. शाळेत जाताना किल्ली शेजारी कमलबाईंकडं द्या.

आता झोपेच्या गोळीचं. डॉक्टरांनी हळूहळू कमी करा म्हणलंय, म्हणून सगळ्या गोळ्या अडकित्त्यानं अर्ध्या करून पानाच्या डब्यात ठेवल्यात. रोज एकच अर्धी घ्यायची. मी घरी न्हाई म्हणून दोन तुकडे घेऊ नका, अन् चिडून एकदम बंदबी करू नका. मागं बंद केली तवा हात असे थरथरायले होते की खडू धरवत नव्हता.

पूर्वी झोप येईना की तुमी मला उठवून शाळेतलं सांगत बसायचे. मी वैतागायचे. गोळी सुरू झाली अन् घर गप झालं. आता मीच जागी असते.

काल तुमी पहिल्यांदा अर्ध्या गोळीवर निजले. मघाशी पांघरूण नीट करायला वाकले, तर झोपेत तुमी माझं नाव घेतलं. 'सुमनची आई' न्हाई, माझं नाव. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर आजच.

उशाशी लय वेळ थांबले. पुन्हा काही बोलला न्हाईत, अन् आता थांबले तर गाडी चुकंल.

मी आले की एकदा जागेपणी हाक मारा.

केशर