त्र्यंबकदादाने सांगितलेला चाच्यांचा सिनेमा

॥ श्री ॥
नाशिक, दि. ४ नोव्हेंबर २०२४

ती. इंदिराताईस,
उपेंद्रचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू जायचं तर मला इतकं ओरडावं लागतं की आमच्या अख्ख्या इमारतीला कळेल, आणि ही गोष्ट तशी नाही. तुझा यशोधन आज कामासाठी इथे आलाच आहे, संध्याकाळी धुळ्याला परततोय, म्हणून त्याच्याच हाती हे देतो. मामाचं पत्र त्याने वाचू नये म्हणून पाकीट डिंकाने चिकटवलंय.

परवा दारात एक तरुण उभा राहिला. नाव आल्हाद, राहणार विशाखापट्टणमचा. म्हणाला, तो आपल्या त्र्यंबकदादाचा नातू आहे, लेकीचा मुलगा. दादा गेल्या महिन्यात गेला म्हणे. त्याच्या अस्थी घेऊन आलाय. रामकुंडावर विसर्जनाच्या वेळी सख्ख्या भावाबहिणीने सोबत असावं, अशी दादाची इच्छा होती म्हणे.

ताई, दादा घर सोडून गेला तेव्हा मी धड चालतही नव्हतो. मला त्याचा चेहरासुद्धा आठवत नाही. आणि नेमका आत्ता, आपल्या इमारतीचं पुन्हा बांधकाम ठरलेलं असताना, हा वारस कुठून उगवला? घाटावर मी भाऊ म्हणून उभा राहिलो की नातं मान्य केलं असं होईल. वकिलाला ते पुरेसं असतं.

त्याचं मराठीही संशय यावा असंच आहे. 'न्याहारी' म्हणतो, 'ठाऊक' म्हणतो. एखादी ऐतिहासिक मालिका बघून पाठ केल्यासारखं. इराला मात्र तो आवडलाय. नातींना कोणीही आवडतं.

काय करू ते कळव. धाकट्यावर लोभ आहेच, या वेळी थोडा सल्लाही धाड.
तुझा,
उपेंद्र


॥ श्री ॥
धुळे, दि. ७ नोव्हेंबर २०२४

चि. उपेंद्र यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दोन घास कमीच गेले. तू अस्थींना हात लावलास का? लावू नकोस. कोणाच्या आहेत कोण जाणे. घराचे कागद कपाटातून काढून बँकेत ठेव. इराला त्याच्याबरोबर चहालाही पाठवू नकोस.

पण हाकलूनही देऊ नकोस. आधी त्याला पारखून घे. आईवडिलांची नावं, जुनं घर, हे सगळं कोणालाही कुठूनही काढता येतं. त्याला त्या सिनेमाबद्दल विचार. दादा समुद्री चाच्यांचा इंग्रजी सिनेमा बघून आला आणि त्याच्या डोक्यात जहाज शिरलं, हे बाबा मरेपर्यंत, सिनेमाच्या नावासकट, बोलत होते. तो नातू म्हणून खरंच दादाच्या अंगाखांद्यावर वाढला असेल, तर दादा त्याला ती गोष्ट सांगितल्याशिवाय राहिला नसेल. सबंध सांगायला लाव. मध्ये बोलू नकोस, तुझी ती सवय आहे. मग मला जसंच्या तसं लिही.

घराच्या कागदांचं विसरू नकोस. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
ताई


॥ श्री ॥
नाशिक, दि. १० नोव्हेंबर २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

चोर सापडला. तुझ्या अकलेला दाद देतो.

तू सांगितलंस तसं त्याला बसवलं आणि सिनेमा सांग म्हटलं. गडी खुलला. सुरुवात ठीक होती. गव्हर्नरच्या तुरुंगातून निसटलेला कप्तान, दोरावरून झोका घेऊन शत्रूच्या गलबतावर उडी, शिडांमधली तलवारबाजी, गव्हर्नरची मुलगी, सगळं बरोबर. ते मला कसं कळलं म्हणशील, तर इराने आदल्या दिवशी तो सिनेमा संगणकावर शोधून दिला आणि मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहून ठेवला होता. काळा-पांढरा आहे, पण अजून धरून ठेवतो.

शेवटाला मात्र याची गाडी घसरली. म्हणे कप्तानाच्या खांद्याला गोळी लागते, वादळ सुटतं, खलाशी पळतात, आणि तेव्हा पाण्याच्या रिकाम्या पिंपातून एक लहान मुलगी बाहेर येते. दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. कप्तान तिच्या हाती सुकाणू देतो आणि ती खडकांमधून गलबत बाहेर काढते. ताई, त्या सिनेमात अशी मुलगी नाही. शेवटी कप्तान गव्हर्नरच्या मुलीशी लग्न करतो, राजा माफी देतो, संपलं. पुन्हा लावून पाहिलं, पिंपही नाही.

मी त्याला तोंडावर सांगितलं की तुझ्या आजोबांनी हा सिनेमा पाहिलेला नाही, आणि तू माझ्या भावाचा कोणी नाहीस. तो भांडला नाही, त्याचा मला जास्तच संशय आला. एवढंच म्हणाला की आजोबा एकदा नाशिकला परत आले होते, पण गल्लीच्या तोंडाशीच कोणीतरी सांगितलं की तुझ्या वडिलांनी तुझं श्राद्ध उरकलं, म्हणून तिथूनच मागे फिरले. मी म्हटलं, रडवायच्या गोष्टी दुसरीकडे सांग. तो नमस्कार करून गेला. इरा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

आता निवांत झोप. लोभ पूर्वीइतका ठेवलास तरी चालेल.
तुझा,
उपेंद्र


॥ श्री ॥
धुळे, दि. १३ नोव्हेंबर २०२४

चि. उपेंद्र,

आशीर्वाद नंतर. मला आवरून निघायला वेळ लागेल, म्हणून यशोधनला रजा टाकायला लावून हे पत्र पुढे पाठवते आहे. वाचलंस की चपला घाल.

ती मुलगी मी आहे.

दादा तो सिनेमा बघायला गेला तेव्हा मला गालगुंड झालं होतं. मला न्यायचं त्याने कबूल केलं होतं आणि आईने सोडलं नाही. मी जेवले नाही. तो परत आला आणि मोरीतल्या रिकाम्या पिंपात मला बसवून त्याने सगळा सिनेमा करून दाखवला. मी विचारलं, यात माझ्याएवढं कोणीच नाही का? तो थोडा थांबला आणि म्हणाला, आहे ना, शेवटी येते. दात माझा पडला होता. वेण्या माझ्या होत्या. मी आजपर्यंत तो सिनेमा पाहिलेला नाही. मला वाटत होतं ती मुलगी त्यात आहे. ती नाही, हे मला तुझ्या पत्रातून कळलं.

हे त्या घरात दोघांनाच ठाऊक होतं. सिनेमा पाहून आलेल्या कोणालाही हा शेवट सांगता येणार नाही.

आणि श्राद्धाचंही खरं आहे. बाबांनी त्याच्या नावाने आंघोळ केली आणि पुढच्या वर्षी पिंडदान केलं. वडे मी थापले होते. तुला मांडीवर घेऊन जेवायला बसले होते. तो गल्लीपर्यंत आला होता, हे मला कोणी सांगितलं नाही. आईला माहीत होतं का, याचा विचार मी काल रात्रभर करत होते. मला त्याचा रागही येतो. त्या पोराला इतकं सांगितलं, मला एक ओळ नाही धाडली.

त्या मुलाला शोध. मी येईपर्यंत विसर्जन होऊ देऊ नकोस.
ताई


॥ श्री ॥
नाशिक, दि. १४ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

यशोधन गाडी घेऊन येतोय, त्याच्यासोबत लगेच नीघ. स्वेटर घे, इथे सकाळी बोचतं.

काल तुझं पत्र वाचून इराला घेऊन पंचवटी पालथी घातली. धर्मशाळेत कळलं की तो खोली सोडून घाटावर गेलाय. मला वाटलं, झालं. रामकुंडावर पोहोचलो तेव्हा तो गुरुजींसमोर ओलेत्याने बसला होता, कलश पुढ्यात. विधी अडला होता. गुरुजी गोत्र विचारत होते आणि त्याला सांगता येत नव्हतं. आईकडचा नातू, त्याला कोण सांगणार? गुरुजी म्हणत होते की माहीत नसेल तर काश्यप धरू. तो म्हणत होता की नको, जरा थांबू या. कोणासाठी थांबायचं ते त्यालाही माहीत नसावं.

मी शेजारी जाऊन बसलो. गोत्र सांगितलं. गुरुजींनी माझ्याकडे पाहून विचारलं की मृत आपले कोण. भाऊ, म्हणालो. ताई, सत्तरीत आलो, पण हे उत्तर कधी कोणाला दिलं नव्हतं.

विसर्जन थांबवलंय. गुरुजींना सांगितलं, मोठी बहीण यायची आहे.

ये लवकर, बाकी लोभ समोरासमोर.
तुझा,
उपेंद्र