दोन उलट्या तारा

३ मार्च, मंगळवार

आज पुन्हा तिचं कार्ड! उघडं पोस्टकार्ड, पाच-पाच अक्षरांचे गट, कशाचा कशाला मेळ नाही. ह्यांनी ते फ्रिजवर चुंबकाखाली लावलं – माझ्या नाकासमोर! – आणि शीळ घालत मागच्या बाल्कनीत गेले. तिथे साहेबांचा कारखाना. महायुद्धातल्या सांकेतिक यंत्राची घरगुती नक्कल केली आहे: लाकडी पेटी, तीन चाकं, चाकाचाकात तारांचं जंजाळ. एका अक्षराची कळ दाबली की भलत्याच अक्षराचा दिवा लागतो, आणि दर कळीला चाक एक घर पुढे सरकतं. समोरच्याकडे तसंच जोडलेलं यंत्र असेल तरच मजकूर उलगडतो.

तसं यंत्र आहे फक्त तिच्याकडे. तार ऑफिसातून निवृत्त झालेली, ह्यांना हौशी मंडळींच्या क्लबात भेटलेली. मी तिला तारवाली म्हणते. मनात.

‘काय लिहिलंय?’ विचारलं. ‘काही नाही गं, चाचणी.’ चाचणी वाचून माणूस एवढा गालातल्या गालात हसतो?

६ मार्च, शुक्रवार

लेकीला फोनवर सांगितलं. ‘आई, तू चक्क जळतेस!’ खो खो हसली. हसू दे. जळतेच आहे.

८ मार्च, रविवार

ठरलं. मीही यंत्र करणार. लाकूड नको, तारा नकोत. लायब्ररीतून आणलेल्या पुस्तकात प्रत्येक चाकाच्या जोडणीचा तक्ता आहे, आणि कागदावरही यंत्र करता येतं म्हणे. बिस्किटांचा उंच गोल डबा, त्याभोवती फिरणाऱ्या कागदी पट्ट्या, तारेऐवजी पेन्सिलीची रेघ. रेघेवरून बोट फिरवत जायचं, परत यायचं, अक्षर सापडतं. आयुष्यभर प्रुफं तपासली, रेघेवर बोट ठेवणं मला कोण शिकवणार!

हे क्लबात गेले होते. प्रुफं तशीच पडली. पडू देत.

११ मार्च, बुधवार

उघडलं!! ह्यांचंच कार्ड, तिला टाकायच्या आधी टेबलावर वाळत पडलं होतं. चाकं कुठल्या अक्षरांवर लावायची ते कार्डाच्या डोक्यावर लिहिलेलंच असतं. इंग्रजी अक्षरांत मराठी निघालं. पण मुद्रणदोष! दर सहा-सात अक्षरांमागे एक चूक. आधी वाटलं, दोष माझाच. माझ्या पट्ट्या पुन्हा पुन्हा तक्त्याशी ताडून पाहिल्या. एक रेघ चुकलेली नाही.

मग चूक कोणाची?

१२ मार्च, गुरुवार

हे दाढीच्या सामानासाठी बाहेर पडले, मी पेटी उघडली. मधल्या चाकात दोन शेजारच्या तारा उलट जोडल्या आहेत! लाल तिथे नारिंगी, नारिंगी तिथे लाल. चष्मा बदला, बदला म्हणून कानीकपाळी ओरडते मी!

डब्यावर त्या दोन रेघा खोडल्या आणि लाल पेन्सिलीनं आमची प्रुफवाल्यांची अदलाबदलीची खूण केली. हात आपोआपच वळला. मग कार्ड लख्ख निघालं:

‘जिना चढताना गुडघा भरून येतो. घरी सांगितलं नाही. घरात वाक्य पुरं होत नाही, अर्ध्यातच दुरुस्त होतं.’

एवढंच. प्रेमाबिमाचं एक अक्षर नाही.

तसं असतं तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. गुडघा! माझ्या घरातला गुडघा, आणि तो तिला ठाऊक!

१३ मार्च, शुक्रवार

फ्रिजवरचं तिचं कार्डही उघडलं. ‘तुमचा मजकूर माझ्याकडे नेहमी स्वच्छ निघतो. निवांत लिहा.’

निवांत लिहा म्हणे! आणि स्वच्छ कसा निघतो? ह्यांचं यंत्र चुकलेलं आहे. म्हणजे तिचंही चुकलेलं. तीच चूक, तेच चाक, त्याच दोन तारा? ह्यांनी तिच्याकडे बसून जोडून दिलं की काय? शेजारी शेजारी बसून?

डोकं फिरायची वेळ आली आहे.

२२ मार्च, रविवार

क्लबाच्या प्रदर्शनाला मीही गेले. ह्यांना आश्चर्य वाटलं. ‘तुला कंटाळा येईल.’ येऊ दे म्हटलं.

तारवाली पाहिली. माझ्याहून चांगली दहा-बारा वर्षांनी मोठी, पाठीत वाकलेली, कानात यंत्र. म्हणजे रूपावर खापर फोडायचीही सोय राहिली नाही! हे कोणाला तरी ऐटीत सांगत होते, ‘अगदी पुस्तकाबरहुकूम जोडणी आहे.’ तेवढ्यात मी तिला चहाच्या टेबलाशी गाठलं. सरळच विचारलं. ‘तुमचं मधलं चाक पुस्तकाप्रमाणे आहे का हो?’

तिनं कप खाली ठेवला. ‘तुम्हाला कळलं तर!’

‘म्हणजे?’

‘आधी होतं पुस्तकाप्रमाणेच. त्यांचं पहिलं कार्ड आलं ते चुकांनी भरलेलं. कुठल्या दोन तारा ते शोधायला मला आठवडा लागला. मग म्हटलं, एवढ्या हौसेनं केलंय माणसानं, कशाला विरस करा? मीच माझ्या दोन उलट्या लावल्या. काय बिघडलं? सांगू नका हं त्यांना.’

‘छे छे,’ म्हटलं. हसलेसुद्धा.

घरी येताना रिक्षात तेच डोक्यात घोळत होतं. मला तिचा इतका हेवा आजवर वाटला नव्हता. बरोबर असलेलं यंत्र तिनं ह्यांच्यासाठी चुकीचं करून घेतलं! मी काय केलं असतं? चहाच्या टेबलाशी, चारचौघांत, तारेसारखं ताठ बोट दाखवलं असतं – ‘अहो, चुकलंय!’ नक्की केलं असतं. ह्यांच्या बहिणीच्या लग्नातलं भाषणसुद्धा मी मध्येच दुरुस्त केलं होतं.

२३ मार्च, सोमवार

सकाळी हे म्हणाले आज मंगळवार. मी काही बोलले नाही.

२६ मार्च, गुरुवार

जीभ चावून चावून दुखायला लागली. भाजी अळणी आहे म्हणाले. मीठ स्वतःच घातलं होतं त्यांनी! गप्प बसले. जोडणी पुस्तकाबरहुकूम असल्याचं शेजाऱ्यालाही सांगून झालं. तेव्हाही गप्प. लेक म्हणते, ‘आई, बाबा विचारत होते तुला काय झालंय.’ काही नाही म्हटलं.

त्या बाईला जमतं ते मला का जमू नये?

गुडघ्याला लावायचं मलम आणून बाथरूमच्या फळीवर ठेवलं. कोणासाठी ते सांगितलं नाही.

३१ मार्च, मंगळवार

फ्रिजवर नवं कार्ड. तिकीट नाही, शिक्का नाही. डबा काढायला गेले तर कपाटात जागचा हललेला. पट्ट्या फिरवल्या, बोट ठेवलं. एकही चूक नाही.

‘स्क्रूसाठी डबा शोधत होतो. त्यावर तुझी लाल खूण दिसली. माझ्या तारा उलट्या होत्या तर! एवढे दिवस गप्प? अगं, बरी आहेस ना? मला भीती वाटते. काहीतरी दुरुस्त कर.’