नळीवर कोरलेलं नाव

दादा, नाही म्हणजे नाही, रायफलचे उरलेले भाग मी पाठवणार नाही. फोनवर भित्री म्हणालास ना, बरं, भित्री. हे फोनवर बोलायची हिंमत नाही, म्हणून घरी निघालेल्या मैत्रिणीच्या हाती पत्र देतेय.

तुला स्पर्धेसाठी परदेशी रायफल हवी आणि तिकडे आयातीचा परवाना मिळेना. इकडून पाठवायलाही परवाना लागतो, अगदी सुट्या नळीलासुद्धा. बंदुकीच्या दुकानात काम करते, मला हे माहीत होतं. तरी तुझ्या हट्टापायी नळी पाठवली, कागदावर ‘पंपाचा पाइप’ लिहून.

आता माझा शहाणपणा ऐक. आम्ही परदेशातून मागवलेल्या प्रत्येक रायफलवर आमच्या दुकानाचं नाव कोरायचा इथे कायदा आहे, आणि ते काम माझं. तुझ्या नळीवरही मी सवयीने कोरून टाकलं. पंपाच्या पाइपवर बंदुकीच्या दुकानाचं नाव, दादा. आणि खोक्यावर तुझं.

काल तपासनीस आला. रजिस्टर उघडून एकेक नळी ताडून बघत होता. निम्म्यावर थांबला, आज उरलेलं बघणार आहे, आणि तुझ्या नळीची नोंद त्यातच आहे.

आईचा गुडघा कसा आहे? तिला सांग, मी वेळेवर जेवते. कस्टममधून पार्सल सोडवायला जाऊ नकोस, आधी वकील गाठ.

तपासनीस यायच्या आत मालकांना सगळं सांगतेय. तू अडवशील, म्हणून फोन बंद केलाय. निघाले.

तुझीच,
भित्री