आई सोफ्यावर बसली नाही

रविवार, संध्याकाळ. आमली, सिल्वासा

धक्क्यातून अजून सावरले नाही, म्हणून लिहितेय.

उद्या शाळेच्या परिपाठात मला महिला क्रिकेटवर बोलायचंय. दुपारी वाचताना कळलं, बायकांचा वर्ल्ड कप पुरुषांच्या दोन वर्षं आधी झाला, १९७३ मध्ये. आधी! पुन्हा पुन्हा वाचलं. पप्पा म्हणाले, "काहीही फेकू नको." मोबाईलवर दाखवलं तेव्हा कुठे पटलं.

मला वाटलं, आजचा धक्का एवढाच.

मग बायकांच्या वर्ल्ड कपची मॅच लागली. आमच्या घरात एक नियम आहे. भारताची मॅच असली की आईने सोफ्यावर बसायचं नाही. ती बसली की विकेट पडते, असं पप्पांचं ठाम मत. मी लहान होते तेव्हापासून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहूनच मॅच बघते. आज मात्र पप्पा स्वतः सोफ्यावर सरकले. म्हणाले, "ये, बस. आज चालतं, पोरींची मॅच आहे."

चालतं म्हणजे? पोरी हरल्या तर काही जात नाही? माझं डोकंच फिरलं.

आई दारातून हलली नाही. शेवटच्या ओव्हरला मी तिला सोफ्याकडे ओढलं, तर तिने हात सोडवून घेतला. आपण जिंकलो. मी चिडून विचारलं, "आज तरी का नाही बसलीस?"

"आणि माझ्यामुळे पोरी हरल्या असत्या म्हणजे?"

ती गंमत करत नव्हती. इतकी वर्षं मला वाटत होतं, तिला दारात उभं ठेवतात ते पप्पा.