फुलांची जागा

आई, मुलीला काल घरी आणलं. सातव्या महिन्यातच झाली, म्हणून सव्वा महिना दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. घरातले सगळे रडले. मला रडू आलं नाही. दुधाच्या वेळा पाळते, एवढंच.

तुला जाऊन बारा वर्षं झाली. पुलाखालच्या चौकातली तुझी फुलं विकायची जागा मी सोडलेली नाही. एक दिवस रिकामी दिसली की दुसरी कुणी टोपली घेऊन बसते, हे तूच शिकवलंस. म्हणून पोटुशी असतानाही रोज सिग्नलजवळ बसले. ट्रक, बस, रिक्षा थांबतात आणि निघताना तोंडावर धूर सोडतात. शेवंतीवर ओलं फडकं टाकलेलं असतं. तू ओरडायचीस, "फडकं कोरडं पडू देऊ नको गं, धुरानं फूल लय लवकर मरतं." मी तासातासाला फडकं धुवायचे, काळं पाणी गटारात ओतायचे, फुलं पुन्हा झाकायचे. आपल्या नाकाला पदर लावावा, असं एकदाही सुचलं नाही. लावून किती उपयोग झाला असता, कोण जाणे.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरात चूल आहे? कुणी विडी-सिगारेट ओढतं?" मी नाही म्हणाले. मग त्यांनी काम विचारलं, ते सांगितलं. "त्यामुळेच झालं असं नाही सांगता येत," म्हणाल्या, "पण पोटात बाळ असताना रोज एवढा धूर वाईटच. पुन्हा दिवस राहिले तर तिथे बसू नका." मला राग यायला हवा होता, तुझा, माझा, त्या चौकाचा. आला नाही. आज जागेवर कोण बसलं असेल, एवढंच मनात आलं.

मी बाळंत झाल्यापासून तिथे सासूबाई बसत होत्या. आता त्यांचे गुडघे धरलेत. काल संध्याकाळी धाकटी जाऊ आली. तिला चौथा महिना आहे. म्हणाली, "ताई, उद्यापासून मी बसू का? मला काय त्रास नाय." मी तिला हार कुठे टांगायचे ते सांगितलं, शेजारची बाई टोपली पुढे सरकवते तेही सांगितलं. डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते सांगितलं नाही. आज सकाळी ती टोपली घेऊन जागेवर गेली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं, आई.