पायरीवरचा चहा

आबा,

उद्या आपल्या पतसंस्थेच्या संचालकांची बैठक आहे आणि मला सारखी तुमची मारुतीच्या देवळाची पायरी आठवते आहे. नात्यातल्या कोणाचा कर्जाचा अर्ज निघाला की तुम्ही बैठकीतून उठायचे आणि समोरच्या त्या पायरीवर जाऊन बसायचे. निर्णय झाला की आतून तुमचा चहा यायचा. एकदा मी चिडून विचारलं, "आबा, तुमचं मन साफ हाय, मंग बाहेर काऊन बसता?" तुम्ही बशीत फुंकर घालत म्हणालात, "माह्यं मन साफ असन बे. पण मी समोर असलो तं बाकीच्यायचं तोंड उघडत नाही."

तुम्ही गेल्यावर आता मी तुमच्या जागी संचालक आहे. संस्थेचे सर्वांत जास्त शेअर अध्यक्षांच्या घरात आहेत आणि त्यांच्या पुतण्याच्या शीतगृहाला आणखी मोठं कर्ज हवं आहे. पहिल्या कर्जाच्या वेळी अध्यक्ष रीतीप्रमाणे उठले होते. आम्हीच, वयाचा मान म्हणून, "बसा न भाऊ, तुमच्यापासून काय लपवाचं?" म्हणत त्यांना बसवलं. सगळे मंजूर म्हणाले, चहा आतच आला. परवा मी त्यांच्याकडे उद्या बाहेर बसण्याचा विषय हळूच काढला, तर ते हसले. "संस्था बुडाली तं सगळ्यात पयले मी बुडीन. मंग तुले माह्यापेक्षा जास्त काळजी हाय का?"

शेअर त्यांचे, हे खरंच आहे. पण ठेवी गावाच्या आहेत. भजनी मंडळाची नव्या मृदंगाची पुंजीसुद्धा तिथंच आहे. शीतगृह चाललं तर नफा त्यांच्या घरी जाईल, नाही चाललं तर झळ सगळ्यांना. मग मालक कोण, आबा?

गुंता इथंच संपत नाही. माझा मुलगा त्याच शीतगृहात नोकरीला आहे. तुमच्या रीतीनं उद्या मीही उठायला हवं. मी उठलो तर त्यांना उठा म्हणणारं आत कोणी उरत नाही. बसून राहिलो तर त्यांना उठा म्हणणारा मी कोण?

आज दिवा लावायला गेलो तेव्हा पायरीवर बसून एक वाक्य जुळवलं: "चला भाऊ, आपण दोघंही चहा बाहेर घेऊ." मारुतीसमोर मोठ्यानं म्हणून पाहिलं, स्वच्छ निघालं. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहितो. मग अध्यक्षांचा चेहरा डोळ्यांसमोर आणून म्हटलं, तर 'भाऊ'च्या पुढे आवाज गेला नाही.