एकडोळ्याच्या खणातला कॅमेरा

मंगळवार, ता. ९, दुपार

चि. टवळे,

आशीर्वाद. मी धडधाकट आहे, तुझ्या शापानंसुद्धा काही झालं नाही. तिसरीपर्यंत शिकलेली बाई लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

आजोबांसाठी रिळाचा छोटा कॅमेरा बघतेय, रोज खिशात राहील असा. यातलं त्यांनी तुलाच शिकवलंय, म्हणून विचारते. हल्ली त्यांचं बोट दिवसभर हवेतच बटण दाबत असतं. दोनदा घराबाहेर पडून हरवले. हातात कॅमेरा असला तर एका जागी बसतील, एवढीच आशा.

काल त्यांना घेऊन कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एकडोळ्याकडे गेले. एका डोळ्याला भिंग चिकटलेलंच, म्हणून एकडोळ्या. त्यानं तीन मांडले. एक विटेसारखा जड, खिसा फाडेल. दुसरा हलका, पण सेलशिवाय मुका, आणि सेलची आठवण ठेवणार कोण? तिसऱ्यात डोळा लावला तर एकाच माणसाच्या दोन सावल्या. कॅमेऱ्याच्या भिंगाभोवतीचं कडं फिरवून त्या एकमेकींवर बसवायच्या म्हणे. माझ्यानं बसेनात.

एकडोळ्या म्हणाला, "आजी, नवा कशाला? यांचा आहे की माझ्याकडे."

खणातून काढला. "कडं अडकतं म्हणून दोन वर्षांपूर्वी स्वतः ठेवून गेले. मी केव्हाच दुरुस्त केला, पण परत फिरकलेच नाहीत."

खाली तू लहानपणी खिळ्यानं मारलेला ओरखडा.

तर कुठला घेऊ, हे विचारायचं नाटक पुरे. कॅमेरा घरी आलाय. तू नेला नव्हतास. यांचं विसरणं तेव्हाच सुरू झालं होतं, आणि मी ते चोरी म्हणून तुझ्या माथी मारलं. चार माणसांत तुझी बॅग उपडी केली. निघाले कपडे आणि माझाच एक फोटो. तरी माझी जीभ थांबली नाही.

घरी येऊन यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, माझ्यावर रोखला, कडं फिरवलं. म्हणाले, "बाई, हलू नका. आमची नात कुठाय? रीळ तीच भरते."

बाई! पन्नास वर्षांचा संसार माझा.

मला रीळ भरता येत नाही. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. सकाळपासून रिकामा कॅमेरा दाराकडे रोखून बसलेत. जेवले नाहीत.

शिव्या द्यायच्या तर इथे येऊन दे. आज तुझी आठवण आहे त्यांना. उद्याचं मला माहीत नाही.

तुला चोर म्हणणारी,
आजी